खोकल्याच्या बेटासमोरचा किनारा

मला उलगडायचे असेल तर आधी हात पुसून या, मित्रांनो, आणि टेबलावरचा चहाचा कप लांब ठेवा. मी एक जुना नकाशा आहे. रस्त्यांचा, घडीचा, खिशात न मावणारा, आणि एकदा उलगडला की भल्याभल्यांना पुन्हा नीट मिटता न येणारा. माझ्या अंगावर आठ घड्या आहेत, तीन ठिकाणी चिकटपट्टी आहे, आणि माझ्या समुद्रात, किनाऱ्यापासून बोटभर अंतरावर, एक तपकिरी गोल डाग आहे. त्या डागाचे पुढे येईलच. आधी जन्माचे सांगतो.

माझा जन्म एका आरेखन कार्यालयात झाला. लांबलचक खोली, खिडक्यांखाली उतरती टेबले, आणि प्रत्येक टेबलाशी वाकलेली एक पाठ. बाहेर हिंडून जमीन मोजणारे लोक वेगळे, त्यांना मोजणीदार म्हणत. ते उन्हातान्हात फिरून वहीत मापे भरत आणि ती वही या खोलीत येई. खोलीतली माणसे त्या मापांवरून रस्ते, नद्या आणि किनारे कागदावर उतरवत. म्हणजे ज्यांनी मला काढले, त्यांनी माझ्यातले बहुतेक काही पाहिलेच नव्हते. हे मला फार उशिरा कळले आणि कळल्यावर मी चांगलाच खट्टू झालो.

माझी समुद्राकडची बाजू काढणारे आरेखक तेव्हा तिशीत होते. आज मी त्यांना आजोबा म्हणतो, कारण घरात त्यांची नात तेच म्हणते. रेघ काढताना ते श्वास रोखून धरत आणि रेघ संपली की सोडत. त्या कार्यालयाचा एक नियम होता. आधी पेन्सिल, मग खात्री, मग शाई. खात्री होईपर्यंत टाकाला हात लावायचा नाही. चुकलेली रेघ खरवडून लपवायची नाही, तिच्यावर दोन बारीक आडव्या रेघा मारायच्या आणि शेजारी बरोबर रेघ काढायची. आजोबांनी हा नियम आयुष्यभर पाळला. मोडला तो एकदाच, आणि नेमका माझ्यावर.

झाले असे की किनाऱ्याच्या एका टोकाची वही भिजून आली. मोजणीदाराची होडी कलंडली होती. त्या टोकाच्या पानांवर निळ्या शाईचा नुसता चिखल झाला होता. मोजणीदार दुसऱ्या कामावर दूर निघून गेला होता आणि छापखान्याची तारीख उद्यावर आली होती. मोठे साहेब टेबलाशी येऊन म्हणाले, "अहो, तिथे ना गाव ना रस्ता. कोण जातंय बघायला? द्या एक छानसं वळण आणि मोकळे व्हा."

आजोबांनी छानसे वळण दिले. नखाएवढे, गुळगुळीत, आत वळलेले. पेन्सिल न लावता थेट शाईने. मी छापून आलो, माझ्या हजारो भावंडांसारखा घडी घालून गठ्ठ्यात बसलो, आणि कार्यालयाच्या रिवाजाप्रमाणे एक प्रत आरेखकाला मिळाली. ती मी. माझ्या चौथ्या घडीजवळ एक खोटी रेघ आहे हे साहेब केव्हाच विसरून गेले, आम्ही दोघे मात्र विसरलो नाही.

माझ्या उमेदीच्या काळाबद्दल मी जरा फुशारकीने बोलणार आहे, तेवढे सोसून घ्या. आजोबांनी एक छोटी, जुनी गाडी घेतली आणि मला तिच्या पुढच्या खणात जागा मिळाली. मी त्यांना घाटातून नेले, नदीवरच्या अरुंद पुलावरून नेले, धुक्यात अडकलो तेव्हा दुसऱ्या बाजूच्या रस्त्याने घरी आणले. एकदा एका वाट चुकलेल्या ट्रक ड्रायव्हरने मला गाडीच्या बॉनेटवर पसरून पाहिले आणि म्हणाला, "काय झकास काम आहे हो. कोणी काढलाय?" आजोबा नुसते हसले. मला वाटले, सांगा ना, तुम्हीच काढलाय म्हणून. पण त्यांनी मला मिटले आणि खणात ठेवले. आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. आम्ही समुद्राकडे कितीदा गेलो, पण चौथ्या घडीच्या अलीकडूनच दर वेळी परत फिरलो.

मग फोन आले. त्या काचेच्या तुकड्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. तो हुशार आहे, न थकता बोलतो आणि त्याला घडी घालावी लागत नाही. पण त्याच्या येण्याने माझे दिवस फिरले हे खरे. जुनी गाडी विकली, आजोबा मुलीकडे राहायला आले, आणि मी त्यांच्या सामानाबरोबर त्या घरात येऊन औषधांच्या कप्प्यात तळाशी अंथरला गेलो. माझ्यावर गोळ्यांच्या पट्ट्या, मलमाच्या नळ्या आणि खोकल्याच्या औषधाची एक चिकट बाटली. ती बाटली माझ्या समुद्रात वर्षभर उभी होती. तिचा तपकिरी गोल तळ माझ्या अंगावर कायमचा उमटला. मी तेव्हा फार रडवेला झालो होतो, मित्रांनो. नकाशाने अंधारात पडून राहायचे, आणि वरून खोकल्याचे औषध.

मग त्या कप्प्यात डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली आली.

आजोबांना काचबिंदू झाला होता. थेंब सकाळी आणि संध्याकाळी घालायचे, म्हणून कप्पा दिवसातून दोनदा उघडू लागला. थेंब घालण्याचे काम नातीकडे होते. ती नऊ वर्षांची, आणि घरात तिला शेपूट म्हणतात, कारण ती आजोबांच्या मागे मागे असते. एकदा बाटली उचलताना तिला खाली समुद्र दिसला. तिने सगळी औषधे जमिनीवर मांडली आणि मला बाहेर ओढले.

"आजोबा, हे कुठलं बेट?" तिने डागावर बोट ठेवले.

आजोबांनी मान इकडून तिकडे फिरवत मला पाहिले. त्यांना आता समोरचे तेवढेच दिसत होते, नळीतून बघावे तसे. बाजूचे सगळे विझत चालले होते. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितले होते की थेंबांनी वेग कमी होईल, पण गेलेले परत येणार नाही, आणि वर्षभरात काय काय उरेल ते सांगता येत नाही.

"ते होय," आजोबा म्हणाले. "ते खोकल्याचं बेट."

शेपूट इतकी हसली की तिची आई स्वयंपाकघरातून बघायला आली. त्या दिवसापासून मी पुन्हा टेबलावर आलो.

घरात त्याच सुमारास सुट्टीच्या सहलीचा विषय चालू होता. चार दिवस, गाडीने. शेपटीची आई शाळेत विज्ञान शिकवते. तिला भरती-ओहोटी मोजण्याचे केंद्र बघायचे होते. शेपटीचे बाबा छापखान्यात मुद्रिते तपासतात आणि इतिहासाचे वेडे आहेत. त्यांना एक जुना किल्ला आणि बुडालेल्या जहाजाचे संग्रहालय, दोन्ही हवी होती. शेपटीला समुद्रात पाय बुडवायचे होते, कुठेही चालेल. प्रत्येकाने आपापल्या रंगाच्या पेन्सिलने माझ्यावर गोल काढायचा असे ठरले. इतक्या वर्षांनी माझ्या अंगावरून पेन्सिली फिरू लागल्या. गुदगुल्या होत होत्या आणि बरेही वाटत होते.

सगळ्यात शेवटी आजोबांनी पेन्सिल घेतली. डोळे अगदी जवळ आणून त्यांनी चौथ्या घडीवर, खोकल्याच्या बेटासमोर, गोल काढला.

"अप्पा, तिथे काय आहे?" आईने विचारले. ती त्यांना अप्पा म्हणते.

"समुद्र."

"समुद्र तर सगळीकडेच आहे. हे फार आडवाटेला पडतंय. अर्धा दिवस जाईल."

"राहू दे मग," आजोबा म्हणाले आणि खोडरबर शोधू लागले. टेबलावर समोरच होते, पण नळीत येत नव्हते.

शेपटीने खोडरबर उचलून मुठीत लपवले. "आधी सांगा, तिथे काय आहे ते."

मग आजोबांनी सांगितले. भिजलेली वही, साहेब, छानसे वळण, सगळे. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. मी टेबलावर श्वास रोखून पडलो होतो, कारण माझीही अब्रू त्यांच्याबरोबर चव्हाट्यावर येत होती.

"मग तुम्ही कधी गेला का नाहीत बघायला?" बाबांनी विचारले.

"आधी सवड नव्हती," आजोबा म्हणाले. "मग धीर नव्हता. आता दोन्ही आहे, तर डोळे चाललेत. मला एकदा बघायचंय, मी काय काढलं आणि तिथे काय आहे. एवढंच."

शेपूट फोनकडे झेपावली. "एका मिनिटात कळेल आजोबा. वरून काढलेले फोटो असतात."

आजोबांनी फोनवर हात ठेवला. "बाळा, दुसऱ्याने बघितलेलं एकदा काढलं मी. या वेळी माझं मला बघू दे."

आईने आपली पेन्सिल घेतली आणि केंद्रापासून किल्ल्यापर्यंत, किल्ल्यापासून त्या आडवाटेपर्यंत एक रेघ ओढली. पेन्सिलने. शाईचा प्रश्न अजून यायचा होता.

आम्ही निघालो. आजोबा पुढच्या सीटवर आणि मी त्यांच्या मांडीवर. पहिल्या दिवशी भरती-ओहोटीचे केंद्र झाले. तिथे एका खोल विहिरीत तरंगता डबा होता आणि तो पाण्याबरोबर वरखाली होताना यंत्रातली पेन्सिल कागदावर रेघ काढत होती. आजोबा त्या पेन्सिलीसमोर कितीतरी वेळ उभे राहिले. आईने तिथल्या बाईंना गोल दाखवून विचारले. "उद्या पावणेचारला पाणी पार मागे गेलेलं असेल," त्या म्हणाल्या. "तेव्हाच काठाने चालता येतं. नंतर पाणी खडकांना भिडतं. आणि रोज साधारण पन्नास मिनिटं उशीर धरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ला, आणि दुपारी दोनला निघायचे ठरले. पण किल्ल्याच्या दाराशी लावलेल्या माहितीच्या पाटीवर बाबांना एक चूक सापडली. एका सनात आकड्यांची अदलाबदल झाली होती, त्यामुळे किल्ला बांधून व्हायच्या आधीच जिंकला गेला होता. मुद्रिते तपासणाऱ्या माणसाला असे काही दिसले की संपले. बाबा रखवालदाराकडे गेले, रखवालदाराने कार्यालय दाखवले, कार्यालयातल्या माणसाने अर्ज लिहायला सांगितले, आणि बाबांनी तीन पानी अर्ज लिहून तो दोनदा तपासला. आम्ही निघालो तेव्हा चार वाजून गेले होते.

आडवाटेच्या टोकाला पोहोचलो तेव्हा ऊन उतरले होते आणि पाणी परत आले होते. एक दगडी बांध, त्यापलीकडे खडकांवर आपटणारा फेस, आणि सगळ्यावर करडा उजेड. आजोबा बांधाशी उभे राहिले आणि मान हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरवली. पुन्हा उजवीकडून डावीकडे. त्यांच्या नळीत करड्यावर करडे येत होते.

"काही दिसतंय का, अप्पा?"

"बघितलं," आजोबा म्हणाले. "झालं. चला आता, उद्या ते जहाज आहे ना तुमचं." ते खोटे बोलत होते. मी त्यांच्या काखेत होतो, मला त्यांच्या छातीची धडधड कळत होती. मला माझ्या रेघेची लाज वाटली, आणि त्याहून जास्त त्यांच्यासाठी वाईट वाटले. इतकी वर्षे लागली यायला, आणि आल्यावर काहीच दिसू नये.

आम्ही गाडीत येऊन बसलो. बाबांनी मला आजोबांच्या हातून घेतले आणि घडी घालू लागले. एरवी ते मला उशी खोळीत कोंबावी तसे कोंबतात. त्या संध्याकाळी त्यांनी एकेक घडी शोधून, जुन्या खुणेवरूनच घातली.

"अप्पा," ते म्हणाले, "मी आज एका आकड्यासाठी दोन तास घालवले. तुम्ही एका रेघेसाठी चाळीस वर्षं काढलीत. आपण दोघं एकाच दुखण्याचे रोगी. जहाज बुडून दोनशे वर्षं झालीत, ते कुठे पळून जात नाही. उद्या इथेच थांबू."

"नको हो, तुमची सहल…"

"अप्पा, ऐका जरा," आई म्हणाली, आणि विषय मिटला.

तिसऱ्या दिवशी साडेचारला पाणी पार मागे गेले होते आणि ऊन लख्ख होते. आजोबा बांधावर बसले. मला शेपटीच्या परीक्षेच्या पॅडवर चिमट्याने लावले होते, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून बाबांनी माझे दोन कोपरे धरले होते. पण अडचण तीच होती. सबंध किनारा एका नजरेत मावत नव्हता. एक तुकडा नळीत घेतला की आधीचा निसटत होता, आणि पाणी कुठे संपते नि खडक कुठे लागतो याचा पत्ता लागेना. आजोबांनी पेन्सिल खाली ठेवली.

शेपूट उठली आणि गाडीच्या डिकीतून छत्री घेऊन आली. लालभडक, मोठी.

"आजोबा, तुम्हाला एवढंच दिसतं ना?" तिने दोन्ही हातांचा गोल केला. "मग तुम्ही छत्रीच बघा. मी बरोब्बर पाण्याच्या काठाने चालते. आई माझ्यासोबत येईल. मी जाईन तिथे तुमची पेन्सिल."

दोघी खाली उतरल्या आणि चालू लागल्या. आजोबांनी छत्री नळीत पकडली आणि पेन्सिल माझ्यावर टेकवली. छत्री चालली की पेन्सिल चाले, छत्री थांबली की थांबे. ते पेन्सिल इतकी दाबून धरत होते की मला दुखत होते, पण मी हूं की चूं केले नाही. छत्री त्या छानशा वळणाशी आली. माझ्यावरची जुनी रेघ तिथून आत वळत होती. छत्री वळली नाही. ती सरळ पुढे गेली, माझ्या समुद्रात.

"थांबली का नाही ती?" आजोबांनी विचारले.

"चालतेय अजून," बाबा म्हणाले.

"अहो, माझ्या हिशेबाने तिथे पाणी आहे. ती आता गळ्यापर्यंत बुडायला हवी."

"कोरडी ठणठणीत आहे, अप्पा. काळ्या खडकाची लांब जीभ आहे तिथे. चांगली उंच आहे, भरतीतही बुडत नसणार."

"मग काल?"

"काल उजेडच नव्हता हो. मलाही नाही कळली."

छत्री त्या जिभेच्या टोकापर्यंत गेली, खोकल्याच्या बेटाच्या पार जवळ, तिथे जरा डुलली, आणि दुसऱ्या बाजूने परत येऊ लागली. आजोबांची पेन्सिल तिच्यामागे वळली. ते हसू लागले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले, घाईने, छत्री निसटू नये म्हणून एकेक डोळा आळीपाळीने.

शेपूट धापा टाकत बांधावर आली. "बरोबर होतं का तुमचं?"

"साफ चूक," आजोबा म्हणाले. "सबंध खडक गिळला होता मी."

तिचा चेहरा उतरला. आजोबांनी तिचा ओला हात धरून पेन्सिलीच्या रेघेवर ठेवला. "हे बघ. हे बरोबर आहे. आता झाली खात्री."

मग त्यांनी पिशवीतून टाक आणि शाईची छोटी बाटली काढली. ती त्यांनी घरून आणली होती हे कोणालाच माहीत नव्हते. जुन्या रेघेवर दोन बारीक आडव्या रेघा मारल्या. मग श्वास रोखला आणि पेन्सिलीच्या रेघेवरून शाई फिरवली. एका जागी वारा आला आणि रेघ किंचित हलली. ती तशीच आहे. रेघ संपली तेव्हा त्यांनी श्वास सोडला. चाळीस वर्षांनी मी खरा झालो, मित्रांनो, आणि हजारो भावंडांत मी एकटाच.

या गोष्टीला आता दोन वर्षे झाली. आजोबांची नळी हळूहळू बंद झाली. आता त्यांना उजेड आणि अंधार एवढेच कळते. पण त्या दुपारी त्यांनी पेन्सिल इतकी दाबली होती की माझ्या कागदात चर पडला आहे. पहिल्यांदा तो त्यांच्या बोटाला लागला तेव्हा ते एकदम थांबले. मग बोट त्या चरातून खडकाच्या टोकापर्यंत गेले आणि दुसऱ्या बाजूने परत आले. सबंध नकाशात त्यांना दिसणारी तेवढी एकच जागा होती. शेपूट शेजारी बसून हे बघत होती.

दुसऱ्या दिवशी तिने मला पाठमोरा करून खिडकीच्या काचेवर चिकटवले. उजेडात माझे रस्ते मागून दिसू लागले. तिने ते माझ्या पाठीवर फिके गिरवून घेतले, मग मला जाड टॉवेलवर पालथे घालून बोथट पेन्सिलीने एकेक दाबायला सुरुवात केली, म्हणजे पुढच्या बाजूला ते उठून येतील. घरापासूनचा रस्ता, पूल, घाट, किल्ल्याचा फाटा. रोज थोडे थोडे. माझी पाठ भरून गेली आहे, आणि तक्रार करण्याचा माझा स्वभाव असूनही मी तक्रार केलेली नाही.

तुमच्याकडे माझ्यासारखा कोणी जुना कागद असेल तर त्याला जुन्या घडीवरच मिटा आणि त्याच्यावर बाटल्या ठेवू नका. आणि घरात कोणी म्हातारे माणूस एखाद्या आडवाटेवर बोट ठेवून गप्प बसले असेल, तर तिथे काय आहे ते विचारा आणि लवकर गाडी काढा. पाणी आपल्यासाठी थांबत नाही, आणि डोळेही.

मागच्या आठवड्यात आम्ही बाबांचे बुडालेले जहाज बघायला निघालो. आजोबा पुढच्या सीटवर होते, मी त्यांच्या मांडीवर, आणि फोन बंद करून पिशवीत ठेवलेला. आजोबांचे बोट माझ्यावरून हळूहळू चालत होते. आई गाडी चालवत होती आणि मागून शेपूट वाकून बघत होती.

"पूल गेला ना?" आजोबांनी विचारले.

"आत्ताच गेला, आजोबा."

बोट थोडे पुढे सरकले आणि थांबले. "आता उजवीकडे फाटा येईल," ते म्हणाले.

आणि तो आला.